फिजिक्स कार्डाला जागा

रविवार, १२ नोव्हेंबर २००६. दुपारी ३
कार्ड आलं. एकदाचं आलं. मुंबईहून अकोल्याला नासिरच्या दुकानात आणि तिथून एसटीने माझ्या मांडीवर. डबा एवढा मोठा, की मूर्तिजापूरच्या स्टँडवर दोघांनी विचारलं, मिक्सर घेतला का म्हणून. हो म्हटलं. समजावत कोण बसेल!

किंमत इथे लिहीत नाही. रोजनिशी खाजगी आहे, पण घर दोन खोल्यांचं आहे.

मुद्दा साधा आहे. गेममध्ये भिंत फुटली की तुकडे कसे उडावेत, झेंडा कसा फडकावा, पिंप कसं गडगडावं, ही सगळी गणितं आजवर बिचारा प्रोसेसर करायचा. म्हणून चार तुकडे उडायचे आणि हवेत गायब. हे कार्ड फक्त तेवढंच काम करतं. फिजिक्स. लोक म्हणतात याची गरज काय. लोकांनी माझ्यासारखी बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट म्हणून काढलेली नाहीत. चुकीचं पडलेलं पिंप मला बघवत नाही.

नासिरसुद्धा कार्ड देता देता म्हणे, भाऊ, त्याच्यापेक्षा चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्या ना, हे काहून घेऊन राहिले? दुकानदारच घेऊ नका म्हणतो, म्हणजे माल चांगला असणार.

संकल्प: रोज एकच तास खेळायचं. पाठ ताठ ठेवायची. आणि प्रतीक्षाचा मेल रोज न चुकता पाहायचा. पोरगी एम.एस्सी. केमिस्ट्री झाली, अकोटला तासिका तत्त्वावर शिकवते, उत्तममामाकडे राहते. सरकारचं शेतकऱ्यांसाठीचं पॅकेज आल्यापासून माती तपासणाऱ्यांची एकदम गरज पडली आहे. अकोल्यातल्या एका संस्थेच्या माती परीक्षण लॅबमध्ये तिने अर्ज टाकलाय. मुलाखतीचं पत्र मेलवर येईल, आणि आलं की आठ दिवसांत होकार कळवायचा, नाहीतर नाव बाद. ती म्हणत होती अकोटच्या सायबर कॅफेत पाहत जाते. मीच नको म्हटलं. कॅफेत पासवर्ड चोरतात. घरी नेट आहे, बाप आहे. काळजी कशाला!

सोमवार, १३ नोव्हेंबर. संध्याकाळी ६
डबा उघडला. अडचण.

आमच्या कॉम्प्युटरला कार्डं लावायचे स्लॉट तीन. एक मागच्या वर्षी विजेच्या झटक्यात गेला. दुसऱ्यात इंटरनेटचा मॉडेम. तिसऱ्यात टीव्ही ट्यूनर, कारण दिवाळीत टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली, टीव्ही अकोल्याला दुरुस्तीला आहे, आणि तो येईपर्यंत आमची ही कॉम्प्युटरवर सिरियल पाहते.

म्हणजे एक कार्ड काढावं लागणार. शांत डोक्याने विचार केला. सिरियल रोज असते. मेल काही रोज येत नाही. शिवाय सिरियल बंद झाल्यास काय होईल, ते मला माहीत आहे.

मॉडेम काढला. कागदात गुंडाळून फ्रिजवर ठेवला. तात्पुरता. हिने पाहिलं. म्हणाली, आता पोरीचा मेल कसा दिसन? म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे, तांत्रिक कारण आहे. ही आत जाऊन फोनवर कुणाशी तरी बराच वेळ बोलली.

मंगळवार, १४ नोव्हेंबर. संध्याकाळी ८
कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकायला बसलो, लाइट गेली. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात येतं, पण आमच्या फीडरला पेपर वाचता येत नसावा. चार तास. मानेचा पट्टा लावून बसून राहिलो.

साडेसातला प्रतीक्षाचा फोन. पप्पा, मेल पाहिला का? पाहिला म्हटलं. काही आलं नाही म्हटलं. शास्त्रीयदृष्ट्या दुसरं वाक्य खरंच आहे. मॉडेम फ्रिजवर असताना कॉम्प्युटरमध्ये येणार काय? पहिलं वाक्य थोडं पुढेमागे झालं.

बरं, म्हणाली. खोदून विचारणारी नाही. माझ्यावर गेली आहे.

गुरुवार, १६ नोव्हेंबर. सकाळी ७
चाललं! कार्डासोबत आलेल्या डेमोत एक काचेची खिडकी फोडली. सगळे तुकडे उडाले, उड्या मारत जमिनीवर आले आणि तिथेच पडून राहिले. आठ वेळा फोडली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू?

हिला हाक मारली. पीठ लागलेल्या हातांनी आली. म्हणे, हे काय करून राहिले सकाळी सकाळी? सांगितलं, की बघ, तुकडे कसे खरे पडतात. म्हणाली, घरात फुटते ते कमी आहे का? परवा कपबशी फुटली त तुकडे मीच भरले, तेव्हा तुमाले पाहावंसं नाही वाटलं. आणि गेली. भौतिकशास्त्राची आवड उपजत असावी लागते.

संध्याकाळी ८
कॉलेजात यंदा बारावीच्या फिजिक्सला एकोणीस पोरं. मागच्या वर्षी चौतीस होती. जर्नल तपासायला अर्धा तास पुरला. उरलेला वेळ खिडकीतून मैदान पाहिलं.

फोन आला. तोच प्रश्न, तेच उत्तर.

शनिवार, १८ नोव्हेंबर. दुपारी ४
आज रीतसर प्रयोग.

साहित्य: एक कॉम्प्युटर, एक कार्ड, माझा नेहमीचा युद्धाचा गेम. कृती: एकच पूल कार्ड बंद ठेवून उडवणे, मग चालू करून उडवणे. निरीक्षण: कार्ड बंद असताना सेकंदाला ४१ चित्रं. चालू असताना २६. तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा २४.

म्हणजे वेग वाढवायचं कार्ड लावल्यावर गेम हळू झाला. पूल उडतो तेव्हा मधे असा थांबतो, की आमची रखडत जाणारी शकुंतला रेल्वे बरी.

निष्कर्ष: निरीक्षकाची चूक. उद्या पुन्हा.

रविवार, १९ नोव्हेंबर. सकाळी ११
नासिरला फोन केला. मोठ्याने हसला. म्हणे, भाऊ, कार्ड तुकडे मोजते, पण ते काढून दाखवनार कोन? तुमचं जुनं ग्राफिक्स कार्डच ना? आदी दहा तुकडे काढत होतं, आता दोनशे काढते. बसनच ते खाली. आणि हे कार्ड ओळखनारे गेम आहेत किती? मी म्हटलं, येतील. तो म्हणे, येतील तवा घ्यायचं होतं. मग एकदम म्हणे, ते काढा भाऊ, मॉडेम लावा पयले. पोरीचं काम आहे.

याला मॉडेमचं कुणी सांगितलं?

फिजिक्स कार्ड घ्यावं की नाही, याचा माझा विचारपूर्वक निकाल: घ्यावं. फक्त त्यासोबत नवं ग्राफिक्स कार्ड, मोठा पॉवर सप्लाय, जास्त रॅम आणि नवा मदरबोर्ड पाहिजे. ते झालं की फरक दिसेल.

सोमवार, २० नोव्हेंबर. संध्याकाळी ८
फोन. आज प्रतीक्षाने जरा वेगळं विचारलं. पप्पा, माती असा शब्द असलेला एखादा मेल? नाही म्हटलं. स्पॅममध्ये पाहिलं का? पाहिलं म्हटलं. मग बरं म्हणाली, पण आवाज एकदम बारीक झाला. लाइन खराब असावी.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. सहा दिवस झाले. उद्या काहीही होवो, स्टेशनजवळच्या कॅफेत जाऊन मेल पाहायचा. शपथ.

मंगळवार, २१ नोव्हेंबर. संध्याकाळी ८
कॅफेत गेलो. लाइट नव्हती. थांबलो असतो, पण आत आमच्या कॉलेजचा देवराव बसलेला. तो विचारणार, घरी नेट असून इथे काहून? मग कार्डाचा विषय निघणार, मग चोवीस चित्रांचा. परत आलो. घरी आलो तेव्हा लाइट होती. दोन पूल उडवले, मन लागलं नाही.

मॉडेम दहा मिनिटांसाठी परत लावता येतो, हे मला माहीत आहे. चार स्क्रू आहेत. रोज संध्याकाळी वाटतं लावावा, आणि रोज मान दुखते.

फोन आला. सांगितलं, की आजही नाही.

गुरुवार, २३ नोव्हेंबर. रात्री ९
ही सकाळीच टीव्हीच्या चौकशीला अकोल्याला गेली. टीव्हीच्या चौकशीला हिरवी पैठणी कशाला, म्हणून विचारलं. म्हणे, मन झालं. डब्यात दही-साखर घेतली. वाटेत खाते म्हणाली.

पाचला परत आली. टीव्ही नाही मिळाला, रविवारी देतो म्हणाला. पण खूश होती. नासिरच्या घरी गेली होती म्हणे, त्याच्या आईने, हाजराबीने, जेवल्याशिवाय येऊच दिलं नाही. टीव्ही न मिळता एवढी खूश बाई मी पहिल्यांदा पाहिली. आज प्रतीक्षाचा फोनही उशिरा आला. थकलेली वाटली, पण विचारलं तिने. मीही सांगितलं.

शनिवार, २५ नोव्हेंबर. संध्याकाळी ८
आज बोटांवर मोजलं. समजा, मी मॉडेम काढला त्याच दिवशी पत्र आलं असेल, तर मुदत संपून चार दिवस झाले. पण पत्र त्याच दिवशी कशाला येईल? सरकारी नसलं तरी संस्थेचं आहे, संस्था काय एवढ्या लवकर हलतात? नसेलच आलं.

फोन. मेल पाहिला का पप्पा? पाहिला. नाही आलं. नक्की ना? नक्की. मग तिनेच विचारलं, की तुमचं कार्ड नीट चालते का? घरातल्या कुणी कार्डाबद्दल आपणहून विचारायची ही पहिलीच वेळ. दहा मिनिटं समजावून सांगितलं, खिडकी, पूल, झेंडा, सगळं. चोवीस चित्रांचं सोडून. तिने सगळं ऐकून घेतलं. गुणी लेकरू आहे.

रविवार, २६ नोव्हेंबर. दुपारी २
टीव्ही आला. हिने स्वतः पुसून जागेवर ठेवला आणि म्हणाली, घ्या, आता तुमचा ट्यूनरचा स्लॉट रिकामा झाला. एवढं बोलून माझ्याकडे पाहत उभी राहिली. कारण उरलं नाही. फ्रिजवरून मॉडेम काढला, धूळ पुसली, लावला. सात मिनिटं लागली.

दुपारी ३
नेट लागलं. मेल उघडला.

संस्थेचं पत्र, १३ नोव्हेंबर. मी मॉडेम काढला त्याच दिवशीचं. मग पाहिलं, तर ते उघडलेलं होतं, वाचलेलं. पाठवलेल्या मेलमध्ये गेलो. होकार: १४ नोव्हेंबर, सकाळी अकरा. म्हणजे अकोटच्या कॅफेतून. तेवीस तारखेला अकोल्यात मुलाखत. चोवीसला दुसरं पत्र, निवड झाल्याचं. एक डिसेंबरला हजर व्हायचं.

तिच्या होकाराच्या मेलमध्ये खाली एक ओळ होती. घरची मेल सुविधा तांत्रिक कारणाने तूर्त बंद आहे, तरी पुढील पत्रव्यवहार माझ्या मामांच्या पत्त्यावरही करावा ही विनंती.

तांत्रिक कारणाने. बापाचं नाव नाही लिहिलं.

दुपारी ४
म्हणजे चौदा तारखेला संध्याकाळी तिने मला पहिल्यांदा विचारलं, तेव्हा पत्र वाचून, उत्तर देऊन साडेआठ तास झाले होते. आणि त्यानंतर रोज विचारत राहिली. मी रोज पाहिला म्हटलं. स्पॅमही पाहिला म्हटलं.

स्वयंपाकघरात गेलो. ही कणीक मळत होती. विचारलं, मला कुणी सांगितलं काहून नाही? म्हणाली, मी पहिल्याच दिवशी सांगणार होते, पोरीनंच नाही म्हटलं. म्हणे, आई, राहू दे, पप्पा एक दिवस तरी स्वतः पाहतीन. आणि कणीक मळत राहिली.

मग परत येऊन कार्ड काढलं. डब्यात भरलं. स्पंज नीट बसेना, तसाच कोंबला.

संध्याकाळी ७.२०
फोनजवळ खुर्ची आणून बसलो आहे. काय बोलायचं ते ठरवलं आहे. तिने विचारलं, की पप्पा, मेल पाहिला का, की सांगायचं, पाहिला. आज पाहिला. आणि कार्डाचंही खरं सांगायचं, की ते हळू चालतं.

रात्री ९
साडेसात झाले. आठ झाले. रिसीव्हर उचलून पाहिला, टोन होता. ही पलीकडे टीव्हीवर सिरियल पाहत होती. जाहिरात लागली तेव्हा तिथूनच म्हणाली, नका बसू जी तिथं, ती आता नाही करत रोज. सामान बांधून राहिली. आणि आता विचारायचं राहिलं काय?

तरी नऊपर्यंत बसलो. आज मी मेल पाहिला होता.