अमाकचं शेत आणि आईचा प्रश्न

बाबा, मागच्या महिन्यात आईने एका परक्या बाईच्या स्वयंपाकघरात बसून तुमचाच प्रश्न विचारला. तुम्हाला तो ऐकायला मिळाला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. पण सुमात्रातल्या त्या गावातले तुम्ही लगेच दिसता. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर मोजणीच्या यंत्राची तिपाई, आणि बांधावरून चालताना तोल सांभाळत माझ्याकडे बघून केलेलं हसू. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आता मी आयर्लंडमध्ये, स्लायगोच्या बाहेर, एका भाड्याच्या घरात राहते, घरूनच ऑफिसचं काम करते, आणि आई तीन महिन्यांसाठी नागपूरहून आली आहे.

त्या गावाबद्दल आई आणि मी फारसं बोलत नाही, तुम्हाला माहीतच आहे. समुद्रापासून लांब, डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत ते गाव होतं. सकाळी धुकं उठायला वेळ लागायचा. रस्त्याच्या कडेला दालचिनीच्या साली वाळत पडलेल्या असायच्या आणि शाळेतून येताना सगळ्या मुलांच्या अंगाला मसाल्याचा वास लागायचा. ज्या कंत्राटदाराने तुम्हाला कालव्याच्या कामासाठी नेलं होतं, त्याने क्वार्टर देतो म्हणून सांगितलं होतं, पण तिथे पोचलो तेव्हा क्वार्टरचा पायासुद्धा खणलेला नव्हता. म्हणून तुम्ही गावातच घर शोधायला निघालात. एका मोठ्या लाकडी घराच्या आवारात फळ्यांचं एक छोटं घर रिकामं होतं. मोठं घर खांबांवर उभं, छपराची दोन्ही टोकं रेड्याच्या शिंगांसारखी वर वळलेली. तुम्ही त्या कुटुंबातल्या कर्त्या पुरुषाकडे गेलात, चांगले पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते ते, आणि घर भाड्याने द्याल का म्हणून विचारलंत. ते म्हणाले, “घर माझं नाही. मी फक्त घराच्या वतीने बोलतो.” तुम्हाला वाटलं, भाडं वाढवायची ही तिथली रीत असेल.

मग त्यांनी आपल्याला वर नेलं. लांबलचक खोलीत चटईवर त्यांची बहीण बसली आहे, तिच्या दोन धाकट्या बहिणी आहेत, आणि भिंतीला टेकून त्यांची म्हातारी आई. म्हातारी तुमच्याकडे बघतही नाही. ती आईला जवळ बोलावते, तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहते, बोटांवरचे चटके बघते आणि मान हलवते. घर मिळालं. तुम्ही बाहेर येऊन म्हणालात की माझी डिग्री कुणी विचारलीच नाही, आणि आई खूप दिवसांनी मोकळी हसली. त्या थोरल्या बहिणीला आपण अमाक म्हणायला लागलो, कारण तिची मुलं तसं म्हणायची. तिथे आईला अमाकच म्हणतात.

हळूहळू आपल्याला कळत गेलं. भातशेती, ते मोठं घर, मागचं माशांचं तळं, सगळं आईकडून मुलींकडे जायचं. पुरुष नांगर धरत, बाजारहाट करत, कित्येक जण दूरच्या शहरांत दुकानं टाकायला जात, आणि लग्न झाल्यावर बायकोच्या घरी पाहुण्यासारखे राहत. बहिणींच्या मालमत्तेची काळजी भाऊ वाहायचा आणि गावच्या बैठकीत त्यांच्या वतीने बोलायचा, पण विकायचा हक्क कुणालाच नव्हता, बहिणींनासुद्धा नाही. आईच्या भावाला तिथे मामाक म्हणतात हे कळलं तेव्हा आईला फार गंमत वाटली. आपल्याकडे मामा नवरीला मांडवात आणतो आणि मोकळा होतो, असं ती अमाकला खाणाखुणांनी आणि मोडक्यातोडक्या भाषेत सांगत होती. दोघी चुलीपाशी बसून नारळाच्या करवंटीत कॉफीच्या पानांचा काढा पीत होत्या. फणसाची भाजी शिजत होती. अमाकने विचारलं की तुझ्या आईची शेती मग कुणाकडे आहे. आईने सांगितलं, शेती वडिलांची होती, भावांनी सांगितलं म्हणून आम्ही बहिणींनी हक्क सोडला. अमाकला ते समजेना. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग म्हणाली, “मग तुझा नवरा तुझ्यावर रागावला तर तू झोपायला कुठे जातेस?” आई भाजी ढवळत राहिली. मी तिथेच होते बाबा, तुम्ही नव्हतात.

कालव्याची रेघ अमाकच्या सगळ्यात चांगल्या शेतातून जात होती, झऱ्याच्या खालच्या. कंत्राटदाराची माणसं एक दिवस गाडी घेऊन आली, अमाकच्या भावाला, म्हणजे मामाकना, शहरात घेऊन गेली, आणि संध्याकाळी त्यांचा होकार घेऊन परत आली. तुम्हाला फक्त खुंट्या ठोकायला सांगितलं. तुम्ही घरी आलात ते खुशीतच, काम मार्गी लागलं म्हणून. अमाक पाट्यावर मिरच्या वाटत होती. तुम्ही सहज बोलून गेलात की तुमच्या शेतातून उद्या आखणी सुरू करतो. तिचा हात थांबला.

“माझ्या भावाने हो म्हटलं?”

तुम्ही हो म्हणालात.

“मला कुणी विचारलं नाही,” ती म्हणाली, आणि परत वाटायला लागली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मामाक पायरीवर बसले होते, ते उठून गेले. पुढे ते तुम्हाला म्हणाले होते की शहरात टेबलाच्या त्या बाजूला चार माणसं होती आणि सगळी माझ्याकडेच बघत होती. त्यांनाही वाईट म्हणावं असं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खुंट्या ठोकल्या नाहीत. कंत्राटदाराला सांगितलंत की ज्यांचं शेत आहे त्यांना आधी विचारू, मग आखतो. तो म्हणाला, होकार मिळालाय. तुम्ही म्हणालात, ज्याने दिला त्याचं ते शेत नाही. बैठक बसली. तिथल्या बैठकीत घाई नावाचा प्रकार नाही. बायका बोलल्या, म्हातारी बोलली, मग दोन पावसाळी आठवडे कुणीच बोललं नाही, आणि मग पुन्हा बैठक. शेवटी त्यांनी नाही म्हटलंच नाही. पाणी खालच्या गावालाही हवंय, कालवा आमच्या शेताच्या कडेने न्या, असं म्हणाल्या. रेघ लांबणार होती, थोडा खडक फोडावा लागणार होता. तुम्ही रात्रंदिवस बसून नवी आखणी केलीत. ती घेऊन गेलात तेव्हा तुमच्या जागी दुसरा माणूस आलेला होता.

आई त्या दिवशी काय म्हणाली ते मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही. सामान बांधताना ती तुमच्याशी अगदी हळू आवाजात बोलत होती, बाहेर अमाक असेल म्हणून. नागपुरात कर्ज काढून बांधायला घेतलेलं घर अर्धवट पडलंय, हे तुम्हाला माहीत नव्हतं का, असं तिने विचारलं. तुम्ही म्हणालात, जे बरोबर होतं तेच केलं. मग ती म्हणाली, “दुसऱ्याच्या घरच्या बायांले विचारा म्हणून तुमी भांडले. आपल्या घरच्या बाईले विचारलं का?”

तुम्ही खाली बसलात. तुमच्या हातात माझ्या शाळेचे बूट होते आणि तुम्ही ते बराच वेळ तसेच धरून ठेवलेत. निघालो त्या दिवशी गाडी शेतापाशी आली तर नवा इंजिनीअर कडेने खुंट्या ठोकून घेत होता, तुम्ही आखलेल्या रेघेवरच. आई म्हणाली, तुमचंच ऐकलं ना शेवटी, मग तुम्हाला काहून काढलं. तुम्ही म्हणालात, “उशीर झाला ना.” आणि काच वर केलीत.

पुढे नागपूरचं घर पूर्ण व्हायला किती वर्षं गेली. ते तुम्ही आईच्या नावावर केलंत, एकट्या तिच्या. तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, हेही विचारलं नाही. पण ती त्या दिवशी चिडलेली नव्हती, एवढं मी पाहिलं होतं.

आता इथलं सांगते. स्लायगोजवळ आम्ही दोघं, मी आणि नवरा, विकत घ्यायला घर शोधतोय, म्हणजे शोधून शोधून थकलोय. घरंच नाहीत. जे दिसतं त्यावर माणसं तुटून पडतात. आणि मग एक घर मिळालं. गावाबाहेर, मागे गवताचा मोठा तुकडा, खिडकीतून दिसणारा सपाट माथ्याचा डोंगर. आमची बोली मालकाने मान्य केली. हे इथल्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांना सांगितलं तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. आई आली होती म्हणून तिला दाखवायला नेलं. एजंट बाहेर फोनवर बोलत उभा राहिला. आत साठीची एक बाई होती, मालकाची बहीण. घर त्यांच्या आईने मुलाच्या नावे ठेवलं होतं, तो कॉर्कला राहतो. बहीण मात्र याच घरात राहिली, आईचं सगळं तिनेच केलं. ती आता गावात एक फ्लॅट बघतेय, शी विल बी ग्रँड, असं एजंटने मला आधीच सांगितलं होतं. इथे ग्रँड म्हणजे ठीक, बरं, पुढे विचारू नका.

बाईने चहा केला. कप काढायला तिने प्रेस उघडलं, कपाटाला इथे प्रेस म्हणतात, तर आतल्या सगळ्या वस्तू जागच्या जागी होत्या, काहीही बांधलेलं नव्हतं. आई मात्र भिंतीकडे बघत होती. स्वयंपाकघरापासून बाथरूमपर्यंत भिंतीला लाकडी दांडा लावलेला होता, म्हाताऱ्या माणसाने धरून चालायला. हाताने घासून घासून तो मध्यावर काळा पडला होता. आईने उठून त्या दांड्यावरून हात फिरवला, परत येऊन बसली आणि मला म्हणाली, “हिले कोनी विचारलं का?”

मी म्हटलं, काय.

“घर विकताना. हिले विचारलं का कोनी?”

बाई माझ्याकडे बघत होती, आई काय म्हणतेय म्हणून. बाबा, मला सहज काहीतरी सांगता आलं असतं. चहा छान झालाय म्हणतेय, डोंगर छान दिसतो म्हणतेय. एजंट अजून बाहेरच होता. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, बाईकडे बघत होती, उत्तराची वाट बघत. मग मी ते इंग्रजीत सांगितलं, आहे तसं.

बाईने कप खाली ठेवला. “नो,” ती म्हणाली. “नोबडी डिड.” मग म्हणाली की भावाने कष्ट केलेत, त्याला मुलं आहेत, इट्स ग्रँड. आईने तिच्या हातावर हात ठेवला आणि दोघी तशाच बसल्या. तिला मराठीतलं एक अक्षर कळत नव्हतं आणि आई इंग्रजीत थँक्यूपलीकडे जात नाही.

गाडीत मी आईला विचारलं, तुला बाबांची आठवण आली का. ती म्हणाली, “त्यायनं काय केलं असतं ते मले माहीत आहे. तू घरी जाऊन नवऱ्याले विचार.” मी विचारलं. त्याला ते घर माझ्याइतकंच आवडलं होतं. तरी म्हणाला, त्या बाईचं तिच्या भावाशी बोलणं होईपर्यंत थांबू या. मी एजंटला फोन केला की बहिणीची इच्छा काय आहे ते मालकाने विचारून सांगावं, तोवर आम्ही थांबतो. त्याने मला समजावलं की कायद्याने याची काही गरज नाही. मला ते माहीत होतं.

काही दिवसांनी ती बाई मला गावातल्या दुकानात भेटली. भावाचा फोन आला होता म्हणाली. तुला राहायचंय का, असं त्याने विचारलं, आणि ती हो म्हणाली. आई गेल्यावर तुला तिथून सुटायचं असेल असंच मी धरून चाललो होतो, असं तो म्हणाला. घर विकायचं नाही असं ठरलंय. तुझ्या आईला माझा निरोप सांग, म्हणाली. मी म्हटलं, ग्रँड, आणि तिला मिठी मारली. आईला सांगितलं तर तिने फक्त “बरं झालं” म्हटलं आणि भाजी निवडत राहिली. तुमचं नाव तिने काढलं नाही. पण त्या संध्याकाळी आपणहून अमाकबद्दल बोलली, तिच्या फणसाच्या भाजीत काय काय पडायचं ते सांगत बसली, आणि तुम्ही ती भाजी दोन-दोनदा घ्यायचात हेही.

हे पत्र मी तिला वाचून दाखवणार होते. नाही दाखवणार. कारण दाखवायचं तर हेही वाचावं लागेल की दुकानातून बाहेर पडल्यावर मी गाडीत बसून रडले, आणि ते आनंदाने नव्हतं. मला ते घर हवं होतं बाबा. अजूनही हवंय. त्या बाईसाठी बरं वाटतं आणि घरही हवंच वाटतं, दोन्ही एकदम. तुम्ही काच वर केलीत तेव्हा तुम्ही शांत होतात असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे. खरं तर तुमचा चेहरा मला दिसलाच नव्हता. मी मागच्या सीटवर होते.