मी घातलेला ‘टू’

मुळशी, शके १८८०, मार्गशीर्ष वद्य पंचमी.

आज नातीचे, सुमनचे, गुरुजी ओट्यावर आले. तिच्या इंग्रजी वहीत ‘आय सॉ हिम टू कम’ असे वाक्य होते. “पाहिले, ऐकले यांच्यापुढे असा ‘टू’ येत नाही. हा तांबडा ‘टू’ कोणी घातला?”

मी घातला. तिने बरोबर लिहिले होते. मीच दटावून तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त केले. धरणाच्या कामावर मी मुकादम असताना साहेब ‘टेल हिम टू कम’ म्हणत, तेवढेच माझे इंग्रजी. तेथे सगळे हुकूमच. कोणी काय पाहिले, हे साहेबाने कधी विचारले नाही.

सुमन म्हणाली, “मीच घातला, गुरुजी.” त्यांनी तिला उद्यापासून मागच्या बाकावर बसण्यास सांगितले. आणि मी? मी म्हणालो, “पोरीचे ध्यान नसते.” तांबडी पेन्सिल तेव्हा माझ्याच खिशात होती. चौथी पास माणसाला एवढा कसला तोरा?

गुरुजी गेल्यावर मी पेन्सिल तिच्या हाती दिली. तिने ती परत माझ्या खिशात ठेवली.

“ऱ्हाऊ द्या, आण्णा. गणिताला लागंल.”

उद्या शाळा भरण्यापूर्वी गुरुजींना गाठले पाहिजे.