होळीची ड्यूटी

१४ जानेवारी १९८२

संक्रांतही त्यालाच! दसरा त्याचा, दिवाळी त्याची, आता संक्रांतही पुंडलिकरावाची. सणाच्या दिवशी ड्यूटी केली की दुप्पट पगार – आणि सण आला की साहेबांना एकच नाव आठवतं. आम्ही काय नगरपालिकेत गोट्या खेळायला येतो?

घरी आलो तर लीलाबाई तोंड फुगवून. पुंडलिकची प्रमिलाबाई हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला येऊन गेली होती. "शिलाई मशीन आली त्याईच्या घरी. पायानं चालवाची. तुमीबी त्याच हापिसात जाता ना? मंग आपल्याच घरी काऊन काई येत नाई?"

जेवलो नाही.

१५ जानेवारी

पुंडलिकने तीळगूळ दिला. "गोड बोलजा, रूपरावजी." घेतला. गोडही बोललो. त्याची पाठ वळताच खिशात टाकला.

३ फेब्रुवारी

आज साहेबांकडे गेलोच. प्रभाकरराव, आमच्या आगबंबाचे साहेब.

आगीचा फोन घेणारे आम्ही दोघंच – एक पाळी पुंडलिकची, एक माझी. नाव विचारायचं, जागा विचारायची, घंटा वाजवायची, की बंब निघाला. कापसाच्या हंगामात जिनिंगला आगी लागतात, म्हणून बंबावरच्या लोकांना जादा भत्ता आहे. फोनवाल्याला नाही. "तुमचं बसून काम." बसून! कानाशी माणूस रडत असतो, धड गल्ली सांगत नाही, आणि आपण थंड आवाजात विचारायचं – कोणत्या देवळाजवळ, बापू? एकदा करून पाहा म्हणावं बसून.

राहिली ती सणाची ड्यूटी. ती अख्खी एकाच्या घशात.

साहेब म्हणाले, "सणाच्या दिवशी डोकं थंड लागते, रूपराव. तुमचं जरा लवकर तापते."

तापते! पुंडलिक चहा पाजतो, 'साहेब साहेब' करतो, त्याचं डोकं थंड. मी हक्काचं मागतो, माझं गरम. वा रे न्याय. रस्ताभर पुटपुटत आलो. सायकलची साखळीही नेमकी आजच पडली.

१८ फेब्रुवारी

जिंकलो! नगरसेवक मधुकररावांच्या कानावर घातलं. त्यांनी सरळ विचारलं, एकाच माणसाला सगळे सण कशासाठी? साहेबांना हो म्हणावं लागलं. आता पाळी लागणार. होळी माझी.

पुंडलिक काय म्हणाला? "बरं झालं. मले घरच्याईसोबत होळी पाह्यले भेटन." हसून म्हणाला. चिडलाही नाही. त्याचंच मला जास्त लागलं. माणसानं निदान चिडावं तरी!

साहेबांनी बजावलं आहे. होळीला निम्म्या गावाला चेव येतो, खोटे फोन करतात. पण शंका आली तरी, नाव आणि जागा दोनदा सारखी सांगितली की बंब सोडायचा. "फुकट गेला तर डिझेल जाते, नाई गेला तर घर जाते." मला शिकवतात. पुंडलिकला कधी शिकवलं नसेल.

२ मार्च

लीलाबाईने कॅलेंडरवर होळीच्या तारखेला कुंकू लावलं. बरं वाटलं.

९ मार्च

सकाळपासून खुर्चीवर. इस्त्रीचा सदरा. दुपारपर्यंत नुसता शिमगा. एकाच्या मेहुण्याच्या मिशीला आग, एकाच्या सासूच्या लुगड्याला. एकीने – बाईमाणूस! – थेट साहेबांच्या टकलाला लावली. सगळ्यांशी गोड बोललो. डोकं बर्फ. पाहा म्हणावं प्रभाकररावांना.

दिवेलागण झाली आहे. आत्ताच मजा झाली म्हणून लिहून ठेवतो. पुंडलिकचा फोन! त्याच्या वस्तीतल्या ताराचंद किराणावाल्याच्या दुकानातून. "रूपरावजी, पुंडलिक बोलतो. ताराचंदच्या मागं मनकर्णाबाईच्या घराले आग लागली. होळीची ठिणगी उडाली. बंब धाडा लवकर."

आवाज असा काढला की नाटकात घ्यावं. मी ओळखलं. बंब रिकामा परत येणार आणि उद्या साहेबांसमोर हा म्हणणार, रूपरावजीले होळी काई जमत नाई. मी म्हटलं, "पुंडलिकराव, आग मनकर्णाबाईच्या घराले लागली का तुमच्या पोटात?"

"अवो मस्करी नाई! मनकर्णाबाईच्याच घराले, ताराचंदच्या मागं –"

ठेवून दिला.

परत वाजून राह्यला आहे. वाजू दे.

१० मार्च

खरी होती.

१३ मार्च

आज कुठे लिहायला हात चालला.

त्या संध्याकाळी फोन वाजायचा थांबला. मग एक माणूस सायकलवर ओरडत आला. मी धावत जाऊन घंटा वाजवली. तानबा ड्रायव्हर अंगणात होता, त्याने लगेच बंब काढला. तोवर मनकर्णाबाईचं घर गेलं होतं. कुडाचं घर, किती वेळ टिकणार? म्हातारी वाचली. पुंडलिकने आत जाऊन तिला उचलून आणलं. त्याचे दोन्ही हात भाजले. डॉक्टर म्हणतात, उजव्या हाताची बोटं पुन्हा सरळ होतील की नाही, सांगता येत नाही.

दवाखान्यात गेलो. लीलाबाईने संत्री दिली होती. खाटेभोवती अख्खी वस्ती. बाया त्याची दृष्ट काढत होत्या. 'देवमाणूस' म्हणत होत्या. लाज वाटली. खूप वाटली. पण वहीत खोटं कशाला लिहू – त्या गर्दीत उभ्या उभ्या मनात आलं, हेही यालाच मिळालं. कसला माणूस आहे मी!

गर्दी पांगल्यावर तो हळूच म्हणाला, "फोन काऊन ठेवला, रूपरावजी?"

संत्री ठेवली आणि निघून आलो.

२२ मार्च

उद्या चौकशी. खरं कळलं तर नोकरी गेली. लीलाबाईला सांगितलेलं नाही. सकाळी वाटतं, सांगून मोकळं व्हावं. ताटावर बसलो की वाटत नाही. तानबाला आडून विचारलं, त्या दिवशी काय काय ऐकलं? तो म्हणाला, "फोन तं दिवसभरच वाजत होता. मी काय धेन देतो?"

२३ मार्च

पुंडलिकने सांगितलं – फोन केला, रूपरावजीने ठेवला, पुन्हा केला, उचलला नाही. ताराचंद म्हणाला, "फोन करताना पाह्यलं त्याले. पलीकडं कोण होतं, मले काय माहीत."

मग मला विचारलं. मी म्हटलं, त्याचा फोन आलाच नाही.

पुंडलिक ड्यूटीवर नव्हता, म्हणून हाताची भरपाई नाही. त्याला जायला सांगितलं. तो गेल्यावर साहेब मला म्हणाले, "मनावर घेऊ नका, रूपराव. सणाची ड्यूटी हातची गेली की माणसाले हेवा वाटतेच. पाडव्याले तुम्हीच या."

मी म्हटलं, येतो साहेब.