वेशीवरचे दोन बार

॥ शरणु शरणार्थी ॥

मुंबई, १० मार्च

तीर्थरूप ईश्वरप्पा काकांस,
कावेरीचा सा. न. वि. वि.

आमदाराचा फोन म्हणजे गावची चावडी, दहा जण कान लावून बसलेले असतात, म्हणून घरचं बोलणं पत्रानंच करायचं, हा तुमचाच नियम. तेव्हा ही बातमी टीव्हीवर कळण्याआधी पत्रानं कळवते.

उद्यापासून मी विधानसभेत अध्यक्षांच्या आसनासमोर जमिनीवर बसणार आहे. मागणी साधी आहे. जिल्ह्यात बंदुकीचे परवाने कोणाला आणि कोणत्या कारणासाठी दिले त्याची यादी सभागृहात ठेवा, आणि एकेका परवान्याची फेरतपासणी करा. तीनदा प्रश्न विचारला. तिन्ही वेळा माहिती घेणं चालू असल्याचं उत्तर आलं. उमापूरच्या लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी हौसेनं झाडलेली गोळी ताशेवाल्या धुळाजीच्या खांद्यात शिरली, तेव्हा ती माहिती घेत थांबली नव्हती. हवेत झाडलेली गोळी हवेत राहत नाही, काका. ती कोणाच्या तरी अंगणात उतरते.

आता अवघड गोष्ट. त्या यादीत तुमचंही नाव असेल. वरात वेशीवर आली की दोन बार काढणारे सिरसाळ्याचे ईश्वरप्पा साऱ्या तालुक्याला ठाऊक आहेत. दहा मेला आपल्या रुद्राणीचं लग्न आहे. त्या दिवशी वेशीवर बार निघाला, तर मी इथं कितीही बसले तरी माझ्या शब्दाला काडीची किंमत उरणार नाही. एवढं एक ऐका.

काकूंना नमस्कार, रुद्रीला चिमटा. लोभ आहेच, तो या पत्रानं कमी होऊ नये.

आपली,
कावेरी

सिरसाळा, १४ मार्च

चि. कावेरीस,
ईश्वरप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुला टीव्हीवर बसलेली पण पाहिली. लहानपणी जेवणाच्या पंगतीत जागा न्हाई मिळाली की तू मांडवाच्या मधोमध बसायचीस आणि वाढप्यांची वाट अडवायचीस. तुझी काकू म्हणाली, खोड तीच हाय, मांडव तेवढा मोठा झाला.

पण पोरी, एक सांग. लग्नात गोळ्या झाडू नयेत असा कायदा आधीच हाय, असं तूच मागं म्हणाली होतीस. मग बसून काय नवीन होणार? सभागृहात माणसं बसतात, ओरडतात, बाहेर जातात आणि कँटीनमध्ये एकमेकाला चहा पाजतात. आमी दुकानदार माणसं. ज्यातून माल हलत न्हाई ते काम आमाला काम वाटत न्हाई.

माझ्या रिव्हॉल्व्हरचं म्हणशील, तर परळीच्या वाटेवर व्यापाऱ्यांना अडवायचे त्या काळातलं ते हाय. माणसावर कधी रोखलं न्हाई. व्याही राजेश्वर मांजरसुंब्याहून वरात आणणार, त्यांनी आमच्या बारांची कीर्ती ऐकलेली. एकुलत्या पोरीच्या लग्नात वेस मुकी ठेवू का? तरी तू म्हणतेस तर विचार करतो, एवढंच. शब्द दिलेला न्हाई.

जमिनीवर बसतेस तर खाली सतरंजी घे. गुडघे आपल्या घराण्यात कच्चे.

तुझा,
ईश्वरप्पा काका

सिरसाळा, २२ मार्च

चि. कावेरीस अनेक आशीर्वाद.

कसं लिहू कळत न्हाई. तुझी काकू परवापासून माझ्याशी बोलत न्हाई, जेवण ताटात आदळते.

शुक्रवारी दुपारी टीव्हीवर आलं की नऊ दिवसांनी सरकार नमलं, यादी ठेवणार, तीन महिन्यांत फेरतपासणी करणार. तू उठताना तुझ्या पायाला मुंग्या आल्या आणि तू बाकाला धरून उभी राहिलीस, ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुकान तसंच टाकून वेशीवर गेलो. पोरांनी गुलाल आणला होता, हलगी आणली होती. बसवेश मला म्हणाला, काका, आपल्या कावेरीअक्कानं बंदूकवाल्यांना खाली बसवलं. मला लई आनंद झाला. आणि आनंद झाला की माझा हात कुठं जातो ते तुला माहीत हाय.

दोन बार काढले.

तोंडानं बंदूकबंदी झालीच पाहिजे म्हणत होतो बघ. दुसरा बार निघाल्यावर हलगी थांबली. सटवा न्हावी हळूच म्हणाला, आप्पा, हे कशाच्या आनंदात होतं? तेव्हा कळलं. तोवर कोणीतरी मोबाइलवर घेतलं होतं.

लग्नाचं तर पुढंच राहिलं, मी आधीच तुझं नाक कापलं. काय शिक्षा देशील ती दे.

तुझा अपराधी,
काका

मुंबई, २५ मार्च

तीर्थरूप काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यायच्या आधी तुमची चित्रफीत आली. समोरच्या बाकांवरून ती या हातातून त्या हातात फिरली. एका सदस्यानं मला विचारलं की ताईंच्या आंदोलनाची सलामी गावात अशीच देतात काय. सगळे हसले. नऊ दिवस थंड फरशीवर बसून मिळवलेलं मी त्या एका हसण्यात निसटताना पाहिलं.

म्हणून मी एक काम केलं, ते माझ्याकडूनच ऐका. तुमच्यावर गुन्हा दाखल करावा असं पत्र मीच पोलीस अधीक्षकांना दिलं. ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली त्यांचं नाव, गाव, वय लिहायचं होतं. पण माझ्या काकाला सोडून बाकीच्यांना लागू होणारा नियम मागायला मी बसले नव्हते.

तुम्ही विचारलंत, कायदा असताना बसून काय होतं. कायदा पुस्तकात झोपलेला असतो, काका. त्याला उठवायला सभ्य प्रश्न पुरत नाहीत, तीनदा विचारून पाहिलं. कोणीतरी वाटेत बसावं लागतं, म्हणजे चालणाऱ्याला थांबून खाली पाहावं लागतं. आपल्या शरणसंतांच्या अनुभवमंटपाच्या सभेत राजाच्या मंत्र्यापासून मोळीविक्यापर्यंत सगळे एका जमिनीवर बसत, बायाही बसत. खाली बसणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. आपण विसरलो एवढंच.

रागावले आहे. तरी तुमचीच आहे. गोळ्या रोज वेळेवर घ्या. रक्तदाबाच्या म्हणते मी.

आपली,
कावेरी

सिरसाळा, ३ मे

चि. कावेरीस खूप खूप आशीर्वाद.

पोलीस यायच्या आधी मीच टोपी घालून ठाण्यात गेलो होतो. रिव्हॉल्व्हर, परवाना आणि दोन रिकामी काडतुसं टेबलावर ठेवली. जमादार म्हणाले, काका, इथं लोक गुन्हा झाकायला येतात, तुमी मांडायला आलात. आता तारखेला कोर्टात जायचं. परवाना रद्द करा असा अर्जही दिला.

पण तेवढ्यानं मन भरेना. परवा महाराष्ट्रदिनाची ग्रामसभा होती. मी उभा राहून म्हणालो, ठराव घ्या: लग्न, मिरवणूक, वाढदिवस, निवडणुकीचा गुलाल, कुठंच बंदूक आणायची न्हाई. दिसली की वाजंत्र्यांनी वाजवणं थांबवायचं आणि पंचायतीनं त्या माणसाचा परवाना रद्द करा म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना लिहायचं. सरपंच विजयसिंह म्हणाले, विषय पत्रिकेवर न्हाई. त्यांच्या मेव्हण्याकडं दोन बंदुका हायत, हे लहान पोरालाही माहीत हाय.

मग मी काय केलं असेल? त्यांच्या टेबलापुढं खाली बसलो!

ते म्हणाले, आप्पा, तमाशा करू नका, तुमच्यावरच गुन्हा हाय. मी म्हणालो, म्हणूनच मला जास्त कळतं. पाच मिनिटं मी एकटाच होतो, लई लाज वाटत होती. मग मागून बांगड्या वाजल्या. तुझी काकू येऊन शेजारी बसली आणि दीड महिन्यात पहिल्यांदा बोलली. म्हणाली, सरका तिकडं. मग संगीता शिक्षिका बसली, सटवा बसला, बसवेश बसला. जागा पुरेना. खाली बसल्यावर एक गोष्ट समजली, पोरी. खुर्चीवरचा माणूस लई लवकर अस्वस्थ होतो. अडीच तासांनी विषय ऐनवेळचा म्हणून घेतला आणि हात वर करून ठराव झाला. विजयसिंहांचा मेव्हणा पण हात वर करून होता, सगळ्या गावासमोर काय करील?

ठरावाची प्रत सोबत जोडली हाय. माल हलतो, मान्य.

गुडघ्याला तेल लावून बसलोय. लग्नाला आधी ये, आमदारकी मुंबईत ठेवून ये.

तुझा,
काका

मुंबई, ८ जुलै

तीर्थरूप काकांस,
कावेरीचा सा. न. वि. वि.

लग्नाहून आल्यापासून अधिवेशनाच्या तयारीत लिहिणं राहिलं. वरात वेशीवर आली, राजेश्वरराव बारांची वाट पाहत तुमच्या हातांकडे बघत होते, आणि रिकाम्या हातांचं काय करावं हे न कळून तुम्ही चक्क नाचायला लागलात, ते आठवून मी समितीच्या बैठकीतही हसते. रुद्री म्हणते, बाबांना नाचता येतं हे तिला सव्वीस वर्षांत माहीत नव्हतं.

आता खरी बातमी. आज फेरतपासणीचा अहवाल सभागृहात आला. कितीतरी परवान्यांपुढे कारणाचा रकाना कोरा निघाला आणि ते रद्द झाले. त्यावर बोलताना मी तुमच्या ग्रामसभेचा ठराव शब्दन् शब्द वाचला, आणि त्यानंतर आलेल्या अकरा गावांच्या ठरावांची नावं. ते सगळं आता कामकाजाच्या नोंदीत कायमचं गेलं.

वाचून झाल्यावर अध्यक्षांनी विचारलं, हे सूचक ईश्वरप्पा कोण. मार्चमध्ये चित्रफीत फिरवणारे सदस्य समोरच बसले होते. मी त्यांच्याकडे पाहून सांगितलं, ज्यांच्यावर गुन्हा दाखल करा म्हणून मीच लेखी दिलं, ते माझे सख्खे काका.

मग आधी त्याच सदस्यांनी बाक वाजवलं, आणि पाठोपाठ दोन्ही बाजूंची बाकं वाजली. तुमच्यासाठी, काका.

काकूंना हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. जीव लावता तसाच लावत राहा.

आपली,
कावेरी