आमच्या घरची बेकारी, वयोगटानुसार

ती. मामांना,
भाच्याचा वाकून नमस्कार.

पाकीट बघून दचकला असाल, कारण आमच्याकडून पत्र येतं ते कोणीतरी अंथरुणाला खिळल्यावरच. तसं काही नाही, आम्ही तिघंही धडधाकट आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला अजून दुकानाच्या शिडीवर चढू देत नाहीत हे कळलं, बरं वाटलं (त्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांच्यापुढे तुमचं काही चालत नाही, हे आम्हा सगळ्यांनाच फार आवडतं). खिळे, कड्या, बिजागऱ्या यांना मंदी नसते असं बाबा म्हणतात, तेव्हा दुकान छानच चाललं असणार. पत्राला कारण काही नाही. सहज लिहितोय.

बाबांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात तलावाच्या पातळीचे तक्ते काढण्यात गेली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. निवृत्त झाल्यावर तलाव सुटला आणि समोर मी उरलो. पदवी मिळूनही मला नोकरी लागेना, तेव्हा मला थेट काही बोलण्याऐवजी त्यांनी देशाच्या बेकारीचा तक्ता काढायला घेतला. वाचनालयातून जुने अहवाल आणले, माझ्या जन्माच्याही आधीपासूनचे आकडे मांडले आणि सोफ्यामागची अख्खी भिंत व्यापून टाकली. निळी रेघ पुरुषांची, लाल बायकांची, हिरवी तरुणांची. सरकारं आली नि गेली, कारखाने उघडले नि बंद पडले, हिरवी रेघ आपली कायम सगळ्यांच्या वर. मला तर तिच्याबद्दल माया वाटू लागली. एकदा मी धीर करून म्हणालो, की इतकी वर्षं ही रेघ वरच असेल तर त्यात माझ्या एकट्याचा काय दोष? बाबा चष्मा पुसत म्हणाले, “रेघ दहा वाजेपर्यंत झोपत नाही.”

लाल रेघेवर मात्र ते बेहद्द खूश होते. ती बरीच वर्षं खाली उतरत आली होती. आल्यागेल्याला ते पट्टीने दाखवायचे, बघा, बायकांची बेकारी कशी मिटत आली. आई चहाचे कप ठेवून आत निघून जायची.

अशात आमचं घर सरकारी पाहणीसाठी निवडलं गेलं. (बाबांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. आपण आता नुसते आपण नाही, आपल्यामागे हजारो घरं उभी आहेत, असं त्यांनी मला दाढी करायला लावताना सांगितलं.) पाहणीवाल्या बाई आल्या, तर बाबांनी त्यांना आधी भिंतीपाशी नेलं. बाईंनी लाल रेघ बघितली आणि सहज म्हणाल्या, की ही उतरते त्याचं एक कारण असंही असतं, बायका काम शोधायचंच सोडून देतात. न शोधणारी बाई बेकारांत धरत नाहीत. ती मोजणीतूनच बाहेर.

आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. तिने विचारलं, मोजणीत यायला काय करावं लागतं. बाई म्हणाल्या, काम शोधत असायला हवं आणि मिळालं तर करायची तयारी हवी.

“मग लिहा,” आई म्हणाली. “मी शोधतेय.”

मामा, भाजी आणायला म्हणून जाताना आई महिनाभर दुकानांत, शाळेत, दवाखान्यांत काम विचारत फिरत होती आणि आम्हा दोघांना पत्ता नव्हता (भाजी रोज थोडी उशिरा येते, एवढंच आमच्या लक्षात आलं होतं). बाबा म्हणाले, अगं, सकाळपर्यंत चांगली होतीस, आता एकदम बेकार झालीस. मग बाईंनी बाबांना विचारलं. निवृत्त, काम शोधत नाही. “श्रमशक्तीच्या बाहेर,” असं म्हणून त्यांनी खूण केली. तो शब्द बाबांना फार लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लाल रेघेचं टोक खोडून किंचित वर उचललं. (एका बाईने देशाची रेघ हलत नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं कळतं.)

पंधरवड्यात आईला दातांच्या दवाखान्यात काम लागलं. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या. लग्नाआधी टेलिफोन खात्यात असतानाचा तिचा तो आवाज अजून तसाच आहे, तो ऐकून दाढदुखीवाले अर्धे तिथेच बरे होतात. स्वयंपाक माझ्याकडे आला. आधी भात करपला, मग हात भाजला, मग जमू लागलं. डबा पोचवायचं बाबांकडे. ते डबा देऊन परत येतील अशी आमची समजूत होती. पण ते तिथेच बाकावर बसून, सुजलेल्या गालांच्या लोकांना बेकारीचा इतिहास समजावू लागले. त्यांना श्रोते मिळाले, आणि तेही तोंड उघडू न शकणारे. शेवटी डॉक्टरांनी आईला अदबीने विचारलं, यांना दुसरीकडे कुठे गुंतवता येईल का.

परवा पाहणीवाल्या बाई पुन्हा आल्या. आई, नोकरीत. मी, घरकाम करतो, काम शोधायला वेळच नाही, म्हणजे मोजणीतून बाहेर. बाबांकडे वळल्या तर बाबा छाती काढून म्हणाले, “शोधतोय.” म्हणजे आमच्या घरात बायकांची बेकारी शून्य, तरुणांची शून्य आणि साठीपुढच्या पुरुषांची शंभर टक्के. तक्त्यात या गटाला रेघच नव्हती. बाबा आता जांभळा रंग शोधताहेत.

बाकी सर्व ठीक. पत्र पोचल्याचं कळवा.
तुमचा,
भाचा

ता. क. तुमच्या दुकानात माल मोजायला माणूस हवाय असं मामी आईला फोनवर म्हणाल्या होत्या. आई म्हणते, विचार. माझ्यासाठी नाही, बाबांसाठी. शिडीवर ते हौसेने चढतील.

ता. क. २. हे पत्र बाबांनी पाकिटातून काढून वाचलं. शुद्धलेखन दुरुस्त केलंय ते त्यांनीच. त्यांना नोकरीची मुळीच गरज नाही, असं तुम्हाला स्पष्ट कळवायला सांगितलंय. दुकान सकाळी किती वाजता उघडतं, तेही विचारलंय.