सुभेदारीणबाईंची बदली

अल सद्द, दोहा
गुरुवार, दुपार

प्रिय ईशा,

तू लग्न होऊन इथे आलीस त्या पहिल्याच आठवड्यातली एक दुपार मला सध्या सारखी आठवते. खास काहीच घडलं नव्हतं. तेव्हा आपण बिन महमूद भागातल्या जुन्या घरात राहायचो. बाहेर धुळीचा वारा सुटला होता, खिडकीच्या फटींत मी ओले टॉवेल कोंबले होते आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आपण दोघी कोथिंबीर निवडत होतो. तू एक काडी वर धरून विचारलंस, "आई, देठं ठेवायची की टाकायची?" मी म्हटलं, "आमच्याकडे ठेवतात." तू "बरं" म्हणालीस आणि आधी टाकलेली देठं एकेक करून कचऱ्यातून परत वेचलीस. नाशिकला तुमच्याकडे काय करतात हे विचारायचं मला सुचलंही नाही आणि तूही ते सांगितलं नाहीस. वारा थांबला, आपण चहा प्यायलो, एवढंच.

तिकडे माहेरच्या लग्नघरात तुला पत्र वाचायला फुरसत कुठली, म्हणून हे पाठवत नाही. लोणच्याच्या बरणीखाली ठेवते आहे. शनिवारी बॅगा टाकून आधी स्वयंपाकघरात येशील ते मला माहीत आहे. इकडे सगळं ठीक. अभिजित कुकर लावायला शिकलाय आणि शिट्ट्या मोठ्याने मोजतो, जणू कुणी परीक्षा घेतंय. शेजारच्या हुस्नाने काल सांदणं पाठवली, अर्धी तुमच्यासाठी फ्रीजरमध्ये आहेत. मी रत्नागिरीला कायमची परत जाण्याचा विषय मात्र तू गेल्यापासून अडकूनच पडलाय. मी "अभि, मी काय म्हणते" एवढं म्हटलं की तो टीव्हीचा आवाज वाढवतो. परवा म्हणाला, "आई, तिथे एकटी काय करणार तू? ईशा काही बोलली का तुला?" बघ, त्याची धाव कुठे जाते ती. तुला वाटत असेल की आपलं काही चुकलं म्हणून आई निघाल्या. त्याला वाटतं तू मला काही बोललीस. म्हणून मला कुठेतरी नीट सांगायला हवं होतं, आणि तोंडाने सांगायला गेले की माझं इंग्लिश मराठी हिंदी सगळं एक होतं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, मुलींनो, महत्त्वाचं काही असेल तर कागद घ्या, समास सोडा आणि वाक्य पूर्ण करा.

आधी आनंदाची बातमी. रुचाचा जपानचा प्रकल्प शाळेच्या हॉलमध्ये मांडायला निवडला आहे, टीचरचा निरोप आला. तू ऑडिटच्या घाईत होतीस, म्हणून त्या महिनाभर मीच तिच्याबरोबर बसले. 'जपानमधल्या स्थानिक कारभाराचा इतिहास' असा विषय मिळाल्यावर लेकीने तोंड वाकडं केलं होतं. "आजी, गव्हर्नर्स! सो बोअरिंग!" मी इतकी वर्षं मुलांना इतिहास शिकवला, पण जपान म्हणजे मोठी युद्धं आणि शेवटी बॉम्ब, यापलीकडे मलाही काही येत नव्हतं. तेव्हा आम्ही दोघी एकाच बाकावरच्या विद्यार्थिनी झालो. ती इंग्लिशमधून विचारायची, मी मराठीतून सांगायचे. गव्हर्नर या शब्दाने मला राजभवनातली तैलचित्रं दिसतात, म्हणून मी त्यांना सुभेदार म्हणत होते. पुढे तीही सुभेदार म्हणायला लागली, तिच्या त्या गोड उच्चारात.

हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिथली पद्धत अशी होती की राजधानीतून एकेका प्रांतावर एकेक सुभेदार नेमून पाठवायचे, ठरावीक मुदतीसाठी. धान्याची कोठारं, कर, तंटे, देवळं, सगळं त्याने बघायचं. माणूस बहुधा परका. ना तिथली माती ओळखीची, ना तिथली बोली. रुचा म्हणाली, "बट आजी, व्हाय सेंड अ स्ट्रेंजर?" मी खिडकीतून खाली बघितलं. अल सद्दच्या रस्त्यावरून ऑफिसं सुटलेली माणसं मेट्रोकडे चालली होती, गळ्यात ओळखपत्रं, प्रत्येकाचा करार वेगळा, मुदत वेगळी. मी म्हटलं, "अगं, परका माणूस नीट काम करतो, कारण त्याला कधीतरी परत जायचं असतं." तिने ते तसंच इंग्लिशमध्ये लिहून घेतलं. आता हॉलमध्ये लागेल.

तिला सगळ्यात आवडली ती कारभार सोपवायची रीत. नवा सुभेदार आला की जुन्याने त्याच्या हाती शिक्का आणि कोठाराची किल्ली द्यायची. मग नव्याने कोठारं उघडून पाहायची, काय आहे, काय नाही ते बघायचं आणि सगळं ठीक असेल तर जुन्याला तसं लिहून द्यायचं. ते मिळेपर्यंत जुन्याची सुटका नाही. पुढची नेमणूकसुद्धा नाही. राजाने नाही गं, मागून येणाऱ्याने मोकळं करायचं! मी ते वाचून चष्मा काढून बसले. रुचाने बटाट्याचा शिक्का कोरला, आणि किल्ली हवी म्हणून आपल्या लोखंडी कपाटाची किल्ली न विचारता शाळेत घेऊन गेली. तो दिवस तू विसरणार नाहीस. तांदूळ, डाळी, पोहे, सगळं कुलपात आणि तू नुकतीच ऑफिसातून आलेली, कपाटाला पाठ लावून खाली बसून हसत सुटली होतीस. "आई, आपण आपल्याच घरात उपाशी मरणार." मग सूक वाकिफच्या बाजारात जाऊन जेवलो. रुचा मात्र फुगून बसली होती, कारण कुणालाच सुभेदारांचं पुढचं ऐकायचं नव्हतं.

त्या कपाटाला कुलूप का, हे तू कधी विचारलं नाहीस. आम्ही नवे आलो तेव्हा बिन महमूदच्या त्या घरात दोन बिऱ्हाडांत एक स्वयंपाकघर होतं. पलीकडचं कुटुंब चांगलं होतं, पण त्यांची मुलं माझे बेदाणे खायची. तेव्हा लावलेलं कुलूप. पुढे घर आपलं एकट्याचं झालं, मुलगा मोठा झाला, हे गेले, आपण अल सद्दला आलो, आणि कुलूप आलं बरोबर. दर उन्हाळ्यात मी आंब्यांसाठी रत्नागिरीला निघाले की किल्ली तुझ्या हातावर ठेवायचे आणि परत आले की मागून घ्यायचे.

आणि तिथून राज्य करायचे! जपानात पुढे असंच झालं. सुभेदारांना प्रांतात जायचा कंटाळा येऊ लागला. ते राजधानीत मजेत राहत आणि प्रांतात आपला कारभारी पाठवत. रुचा हे वाचताना माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, लाइक यू ऑन व्हिडिओ कॉल." मी खूप हसले. यंदाचंच बघ ना. मी लिंबाचं लोणचं घालून गेले आणि रोज बरणी बाल्कनीत उन्हात ठेव, फोटो पाठव, म्हणून तुझ्या मागे लागले. रोज सकाळी फोटो यायचा. बरणी, कठडा आणि कठड्यावर मान वाकडी करून बसलेलं एक कबुतर. रोज बरणी, रोज कबुतर, आणि कबुतराची मान रोज त्याच बाजूला वाकडी. तिकडे ताहेराला मी ते फोटो ओळीने दाखवले. ती म्हणाली, "अगो, तुझी सून हुशार आहे. दोह्याच्या उन्हात बरणी तडकली असती." तू बरणी आतच ठेवून एकच फोटो रोज पाठवत होतीस, होय ना? लोणचं काय सुंदर मुरलंय! मी तुला काही बोलले नाही. मला त्या कबुतराची सवय झाली होती.

ही ताहेरा म्हणजे ताहेरुन्निसा, माझी कॉन्व्हेंटमधली बाकसोबतीण. तिचं नाव तू फोनवर ऐकलं आहेस. ती कुवेतहून कधीच परतली. रत्नागिरीत तिच्या घराच्या खालच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. तिथे आमच्या वर्गातल्या बायकांनी वाचनालय काढलं आहे. पुस्तकं, पंखा, चटया आणि संध्याकाळी शाळेतून सुटलेली मुलं. गेल्या महिन्यात वाचनालयाची कारभारीण निवडायला निवडणूक झाली. ताहेराने माझं नाव सुचवलं आणि पुष्पावतीने माझ्याविरुद्ध अर्ज भरला. पुष्पा पहिल्यापासून तशीच, शाळेत मॉनिटरच्या निवडीतही उभी राहायची. भाषण काय केलं म्हणे, "जी बाई इथे बसून दोह्यातल्या लोणच्यावर पहारा ठेवते ती दोह्यात बसून इथल्या पुस्तकांवर काय ठेवणार?" चिठ्ठ्या टाकल्या. दोघीजणींनी भिडेपोटी आम्हा दोघींचीही नावं लिहिली, ती मतं बाद झाली. मी थोडक्यात निवडून आले. ताहेराने फोनवर सांगितलं तेव्हा मी इथे भेंडी चिरत होते. सुरी खाली ठेवली.

तुला हसू येईल. पण रुचाच्या त्या प्रकल्पाचं शेवटचं पान मला पाठ आहे. सरदारांचा काळ संपला, नवं सरकार आलं, त्यानेही प्रांतांचे जिल्हे करून त्यांवर राजधानीतूनच माणसं पाठवली, पुष्कळदा मुद्दाम दुसऱ्याच भागातली. दुसरं महायुद्ध संपल्यावर कुठे लोकांना आपला गव्हर्नर आपण निवडायला मिळाला. आणि त्या पदावर पहिली बाई निवडून यायला दोन हजार साल उजाडलं. रुचाने तिथे लाल शाईने रेघ मारली आहे. मी विचार करत बसले की मला कोणी कधी निवडलं? वडिलांनी सासरी पाठवलं. ह्यांनी दोह्याला आणलं. शाळेने सातवी ब दिली. व्हिसा आधी ह्यांच्या नावावर, आता लेकाच्या. तक्रार नाही गं, सगळ्या नेमणुका चांगल्या निघाल्या. वाळवंटात मी तुळस जगवली, संसार केला, शेकडो मुलांना अशोकाचे शिलालेख शिकवले, आणि नशिबाने सूनही चांगली मिळाली. पण माझ्या गावच्या बायकांनी चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं, दोघींनी तर पुष्पाच्या नावाशेजारी लिहिलं, ही गोष्ट या वयात पहिल्यांदा घडली. मला ती नोकरी करायची आहे, ईशा. पाय चालताहेत तोवर.

म्हणजे तुझं काही चुकलं म्हणून मी निघालेली नाही. तरी एक सांगते. यंदा मी रत्नागिरीहून आले, तर मी मागायच्या आतच तू दारात किल्ली पुढे केलीस. "आई, तुमची किल्ली." किती साधेपणाने म्हणालीस. मी घेतली, खणात टाकली, आणि तेव्हापासून ती मला जड झाली आहे. सिस्टर अ‍ॅग्नेसची बदली झाली त्या सकाळी त्यांनी साऱ्या शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा नव्या सिस्टरच्या बशीत ठेवला, स्वतःची छोटी बॅग उचलली आणि फाटकाकडे निघाल्या. आम्ही पोरी रडत होतो. त्या मात्र हसत होत्या. का हसत होत्या, ते आज कळतं.

तेव्हा हे पत्र म्हणजे माझ्या बाजूने कारभार सोपवणं आहे, आणि तुझ्याकडे एक मागणं. अभिजित माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. पण त्याच्याशी बोलण्याआधी तू स्वतः मनाशी बघ. कोठारं उघड. बारा वर्षांत माझ्याकडून काही राहिलं असेल, देठांसारखं काही मनात टोचत असेल, तर मला सांग. मी अजून इथेच आहे, तिकीट काढलेलं नाही. बरणीशेजारी किल्ली ठेवली आहे, ती तुझी. कुलूप ठेव नाहीतर टाकून दे, आणि कोथिंबिरीच्या देठांचं काय करायचं तेही तूच ठरव. मी फोनवरून विचारणार नाही. निदान पहिला महिनाभर तरी. माझा मोठा अ‍ॅटलास रुचाला. नारळ खवायची विळी हुस्नाला. कितीतरी वर्षं ती म्हणतेय, "जयमाला, तू खुशाल जा, विळी ठेवून जा." ह्यांचे दोन्ही सूट खालच्या वली टेलरला दे, उसवून तो त्याच्या लेकाच्या, उसामाच्या, मापाचे करील. माझी आरामखुर्ची अभिजितला, नाहीतरी मी उठले की तोच तिच्यात जाऊन बसतो. लोणचं अर्धं तुम्हाला, अर्धं माझ्या बॅगेत. पुष्पाला चाखवायचं आहे. आणि मला? मला लिहून वगैरे काही नको. तुझ्या मनातून मी मोकळी झाले की बाल्कनीत जा आणि मला एक फोटो पाठव. मी शेजारच्या खोलीत बसलेली असले तरी फोनवरच पाठव. पण या वेळी कबुतर त्या दिवशीचं हवं.

तुझीच,
बदलीची वाट बघणारी
आई