व्हाइसला चाकं लावण्याविषयी

साक्री,
कानबाईनंतरचा बुधवार

तीर्थरूप सुकलालमामा आणि मामी यांना हेमलताचा वाकून नमस्कार.

मामींची मान आता वळते का? वळत असेल तर दोन्ही बाजूंना, की अजून फक्त टीव्हीच्या बाजूला? (मामी, रागावू नका, काळजीनेच विचारते आहे.) दीपनगरला तुमची ड्युटी आता दिवसाची झाली असं आईकडून कळलं, बरं वाटलं. इकडे आई बरी आहे, मी बरी आहे, आणि आबांचं वजन वाढलं आहे. काळजी आहे ती त्या वजनाचीच. फोन न करता पत्र लिहिते, कारण आपल्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे स्पीकर लावून बोलायचं, आणि यातलं काहीही आबांच्या कानावर जाऊ नये अशी माझी इच्छा आहे.

मदनलालशेठनी आबांच्या दुकानाची शेड परत मागितली हे तुम्हाला माहीत आहे. त्यांची चूक नाही. त्यांना मक्याच्या गोण्या ठेवायला जागा हवी होती आणि त्यांनी वर्षभर आधी सांगितलं होतं (आबांनी ते वर्षभर ऐकलं नव्हतं, एवढंच). शेवटी हत्यारं घरी आली. हातोड्या खिळ्यांना टांगल्या, कानशी डब्यात गेल्या, पण व्हाइसचं काय करायचं? लोखंड जबड्यात धरून ठेवणारं ते धूड उचलायला दोन माणसं लागतात, आणि ते उंबऱ्याच्या आत पडून राहिलं. येणारा जाणारा प्रत्येकजण त्याला ठेचकाळला. आबा बाजेवर पडून हे बघत राहिले. त्या दिवसापासून त्यांनी कानस हातात घेतलेली नाही. कोणी नांगराचा फाळ घेऊन आलं, तर दुकान बंद झालं म्हणून सांगतात. पोळा झाला की व्हाइस भंगारात घालणार, असंही त्यांनी जाहीर केलं. मामा, भंगारवाला आमच्या गल्लीतून रोज जातो आणि त्याची आरोळी आली की मी दार लावून घेते. आबा नुसते बसलेले मी जन्मात पाहिले नाहीत. मला बसवत नाही, उठवत नाही. रात्री झोपेतसुद्धा मी नटबोल्ट आवळत असते, असं आई म्हणते.

तेव्हा मी ठरवलं की व्हाइससाठी फिरता स्टँड करायचा. काम अंगणात व्हायला हवं, कारण घरात लोखंडाचा कीस पिठात जातो. रात्री मात्र व्हाइस घरात हवा, कारण अंगणाला फाटक नाही. म्हणजे स्टँड हलता हवा, पण कानस चालवताना जराही हलता कामा नये. घरात फिजिक्स शिकलेली मी एकटीच (घरात काहीही शिकलेली मी एकटीच, पण तो मुद्दा नाही), त्यामुळे हे काम माझ्याकडेच येतं असं मला वाटलं. माझ्याकडे ते कोणी दिलं नव्हतं, हेही खरं.

पहिल्यांदा मी माझ्या अभ्यासाच्या टेबलावर व्हाइस बसवला. पहिल्याच हिसक्याला टेबल तोंडावर पडलं. मग तेलाच्या जुन्या ड्रममध्ये वाळू भरली. हा उपाय शास्त्रशुद्ध होता, ड्रम भूकंपातही हलला नसता. संध्याकाळी तो आत घ्यायला शेजारचे प्रेमराजभाऊ आणि उखर्डूभाऊ आले, आणि ड्रम दारात अडकला. मी गुरुत्वमध्य काढला होता, दाराची रुंदी काढली नव्हती. बाहेर वाळू उपसेपर्यंत आमचं सगळं घर मागच्या दाराने ये-जा करत होतं. आबा तेवढ्यापुरते बाजेवर उठून बसले, बघितलं आणि परत आडवे झाले.

त्यानंतर मी धुळ्याला गेले. भंगार बाजारात ट्रकचा जुना ब्रेक ड्रम मिळाला, दिसायला परातीएवढा पण उचलायला गेलं की पाठ बोलते. त्यावर जाड पाइप, पाइपवर जाड पत्रा, असं सगळं तिथेच वेल्डिंग करून घेतलं. खाली लग्नात जेवणाचे हंडे फिरवतात त्या गाडीची चार चाकं लावली. साक्रीच्या बसमध्ये त्याला मी खिडकीशी बसवलं. कंडक्टर बराच वेळ त्याच्याकडे बघून म्हणाला की हे सामान आहे की सोबत, ते ठरवा, तिकीट त्यावर आहे.

घरी आल्यावर आबांच्या हातापाया पडून त्यांना एकदाच उभं केलं. उखर्डूभाऊंच्या कोळप्याची पास, म्हणजे खालचं पातं, व्हाइसमध्ये धरली आणि आबांनी कानस लावली. त्यांनी जोर लावला की स्टँड एक पाऊल मागे. आबाही हट्टी, तेही एक पाऊल पुढे. (चाकांना ब्रेक होते, पण ते वरणाच्या हंड्यासाठीचे. वरण कधी उलटा जोर लावत नाही.) आपलं अंगण गल्लीकडे उतरतं आहे हे तुम्ही पाहिलंच आहे. अंगण संपलं, गल्ली लागली, कानस चालूच. प्रेमराजभाऊंच्या किराणा दुकानाच्या पायरीला स्टँड टेकला तेव्हा पासेला धार आली होती. प्रेमराजभाऊंनी विचारलं, काय आबा, आज घरपोच सेवा का? आबा धापा टाकत मला म्हणाले, "माय, व्हाइस पुढे पयी ऱ्हायना, मी मांगे पयी ऱ्हायनू. या वयात?" आणि बाजेवर गेले.

मी मात्र हरले नाही. चाकं काढली आणि खाली तीन पाय लावले, कारण तीन पायांवर वस्तू कितीही खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही. मागच्या बाजूला दोनच चाकं, जमिनीपासून बोटभर उचललेली. उभा असला की स्टँड पायांवर, कलता केला की चाकांवर, प्रवासाच्या बॅगेसारखा. मामा, तो हलला नाही. मी त्याला ढकलला, लाथ मारली, त्यावर चढले. तो शनिवार होता. नव्या हत्याराला पूजेशिवाय हात लावायचा नाही ही आबांची रीत, म्हणून मीच त्यावर स्वस्तिक काढलं, हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. रविवारी आबांना बोलवायचं ठरवून झोपले.

रविवारी आपल्याकडे कानबाई बसणार होती हे मी विसरले नव्हते. पण देवीच्या चौरंगाचा एक पाय डुगडुगतो, हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी उठून बघते तर व्हाइस जमिनीवर होता. आई आणि गल्लीतल्या सुनंदाकाकूंनी स्टँड घरात चारही कोपऱ्यांत फिरवून बघितला होता, पसंत केला होता, आणि त्यावर हिरवी साडी, नथ, हार असं सगळं लेऊन कानबाई बसली होती. मी म्हणाले, हे व्हाइसचं आहे. काकू म्हणाल्या, कुंकू तर तूच लावलंस ना. मी सगळ्या भाऊबंदांसमोर शांतपणे समजावलं की पूजा वस्तूची होती, देवीच्या आसनाची नव्हती. बायकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि चाकांना थोडं तेल घाल म्हणाल्या, करकरतात. सोमवारी कान नदीवर विसर्जन झालं. परत आल्यावर मी पाना घेऊन बसले, तर आबांनीच माझा हात धरला.

"आते हाई कानबाईनं शे," ते म्हणाले. "त्यावर लोखंड घासानं नई."

तर मामा, तुमच्याकडे जाड पत्रा असेल तर पाठवा, दोन चाकं माझ्याकडे उरली आहेत. दुसरा स्टँड करते. पोळा जवळ आला आहे.

तुमची भाची,
हेमलता

ता. क. पत्र्याचं राहू द्या. काल हे लिहून झालं तेव्हा ओट्यावर आबा प्रेमराजभाऊंना सांगत होते की पोरगी ग्रॅज्युएट झाली, आता माझ्या हातांचं काय काम, लोकही तेच म्हणतात. मामा, अखजीच्या सणाला आला होतात तेव्हा तुम्हीही तेच म्हणालात. कौतुकानेच म्हणालात, पण आबांनी ते खरं धरलं. म्हणजे त्यांना बाजेवर बसवलं ते माझ्या पदवीनेच, आणि मी वेड्यासारखी चाकं शोधत हिंडते. तुम्ही एक करा. एखादी मोडलेली वस्तू घेऊन स्वतः या, आणि दीपनगरात कोणालाच जमली नाही असं सांगा. खरोखर मोडलेली आणा. मुद्दाम मोडलेली आबा लगेच ओळखतात.

ता. क. २. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं म्हणून हेही लिहिते. आज सुनंदाकाकू आल्या, पुढच्या वर्षी त्यांच्या कानबाईसाठी असंच आसन हवं म्हणून आबांच्या मागेच लागल्या. मी माप घ्यायला वही शोधत होते, तेवढ्यात आबा बाजेवरून उतरले, व्हाइसपाशी जमिनीवरच बसले, दोन्ही पाय त्याला टेकवले आणि पाइप कापायला लागले. व्हाइस जराही हलला नाही. काम झाल्यावर त्यांनी तो पायानेच भिंतीकडे सरकवला. मी वही शोधणं सोडून दिलं. मात्र तुम्ही याच. जेवताना ते आईला विचारत होते, "सुकलालना घरमा काही मोडस का नई?"